मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलावं का?

प्रश्न : मी आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी पुस्तक बदलायला जाते. हल्ली एक खोड लागली आहे. ज्याच्या लेखकाचं नाव ऐकलेलं नाही, ज्याची कुणी शिफारस केलेली नाही, असं पुस्तक मी नुसतं नाव आणि मुखपृष्ठ बघून उचलते. मागचा मजकूरसुद्धा वाचत नाही. घरचे हसतात. ग्रंथपालबाई म्हणतात, “ताई, चांगल्या पुस्तकांची यादी देते ना मी!” पण यादीतलं पुस्तक चांगलं आहे हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अर्धी मजा तिथेच जाते. माझ्या या पद्धतीला काही अर्थ आहे, की हा नुसता मटका?
– एक वाचक, कराड

उत्तर : मटका नक्कीच नाही. मटक्याच्या आकड्यामागे कुणाचं डोकं नसतं. पुस्तकाच्या नावामागे आणि मुखपृष्ठामागे लेखक, प्रकाशक आणि चित्रकार अशी किमान तीन डोकी असतात, आणि त्यांचं एकमत झालेलं असतंच असं नाही. त्यांच्या ओढाताणीतून जे बाहेर येतं, ते अनोळखी माणसाने हात पुढे करावा एवढ्यासाठीच आलेलं असतं. तुम्ही हात पुढे करता. घरच्यांना यात हसू का येतं, मला कळलं नाही.

मात्र नाव आणि मुखपृष्ठ या दोघांवर सारखाच भरवसा ठेवू नका. माझा अनुभव असा की, पुस्तक कशाबद्दल आहे याविषयी नाव बिनदिक्कत थाप मारतं. मुखपृष्ठालाही विषय धड सांगता येत नाही, पण पुस्तक कुठल्या जातकुळीचं आहे हे ते बहुतेक वेळा खरं सांगतं. तुमच्या खोडीचा सगळा हिशेब या फरकावर आहे.

आधी नावं घेऊ. ‘रणांगण’ हे नाव वाचून कुणी युद्धकथा म्हणून पुस्तक घरी नेलं, तर त्याच्या हाती लागते युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट आणि तिच्यावर भेटलेली दोन माणसं, एक मराठी तरुण आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली एक ज्यू मुलगी. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ साली आली, म्हणजे खरं रणांगण पेटायच्या तोंडावर. तोफ एकही नाही, तरी नाव खोटं म्हणवत नाही. ‘सत्तांतर’ हे नाव आज वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर आमदार, बस आणि हॉटेल येतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये आहेत वानरांच्या टोळ्या. टोळीतल्या म्होरक्याला दुसरा नर कसा हुसकावतो, मग पिल्लांचं काय होतं, याची ती गोष्ट आहे. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राजकारणाची आवड असलेल्या वाचकाने ती चुकून नेली तर बहुधा परत करताना तक्रार करणार नाही.

किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’ची तर गंमतच आहे. पाढे पाठ असलेला माणूस कपाटासमोर थबकतोच. छापताना चूक झाली की काय, असं वाटून तो पुस्तक हातात घेतो, आणि तिथेच नावाचं काम झालेलं असतं. १९७४ची ही कादंबरी पुढे वाचणाऱ्याचा घाम काढते हा भाग वेगळा. प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ढोलाचे बोल वाटले तर नवल नाही. ते हिमालयातल्या एका कड्याचं नाव आहे. डोंगर फोडून रस्ता करणाऱ्या माणसांची ही कादंबरी कितीतरी मराठी इंजिनियरांनी पुन्हापुन्हा वाचलेली असते. त्यांतल्या निम्म्यांनी ती नावाच्या चमत्कारिकपणामुळे उचलली असेल, अशी मला शंका आहे. पुलंनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट मराठीत आणली ती ‘एका कोळियाने’ या नावाने, म्हणजे शाळेतल्या कवितेचा धागा पकडून. त्याच वळणावर पुढे गिरीश कुबेरांचं ‘एका तेलियाने’ आलं. ते सौदी अरेबियाचे तेलमंत्री शेख यामानी यांच्यावर आहे. नुसत्या नावावरून यामानींपर्यंत पोचणारा वाचक असेल तर त्याने खरोखरच आकडा लावावा.

नावं पहिल्यापासून अशी आडवळणी नव्हती. बाबा पदमनजींच्या १८५७च्या पुस्तकाचं पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असं आहे. ‘अथवा’च्या अलीकडे गोष्ट आणि पलीकडे विषय, कारभार चोख. जुन्या वाचनालयांमध्ये हे लागतही होतं, कारण पुस्तकं कुलपात असत आणि वाचकाच्या हातात फक्त सूची असे. सूचीत क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि आतला माणूस आणून देईल ते घ्यायचं. मुखपृष्ठ दिसायचा प्रश्नच नव्हता. अनेक ठिकाणी आजही नाही. पुढे साठच्या दशकापासून नाव आखडत गेलं : ‘धग’, ‘कोसला’, ‘चक्र’, मग ‘बलुतं’, ‘उपरा’. एका शब्दात सूचीवाल्याने काय ओळखायचं? म्हणजे नाव जेवढं अबोल झालं, तेवढी मुखपृष्ठावरची जबाबदारी वाढली.

तर आता मुखपृष्ठाकडे येऊ. फेटा, किल्ला आणि तलवार दिसली की ऐतिहासिक कादंबरी. अंधारात पिस्तूल आणि घाबरलेली बाई असली की रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या वाचकांना पुस्तकाचं नाव वाचायचीही गरज पडत नसे, लांबूनच कळे. पायऱ्या आणि उगवता सूर्य असेल तर तुमचं आयुष्य सुधारायला निघालेलं पुस्तक. लेखकाचा फोटो मुखपृष्ठभर असेल तर आत्मचरित्र, आणि फोटोत तो हनुवटीला हात लावून बसला असेल तर जाड आत्मचरित्र. विलायतेत १९३५ साली ॲलन लेन यांनी पेंग्विनची स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा हा मामला त्यांनी रंगांवरच सोपवून टाकला. कादंबरीला नारिंगी, गुन्हेगारी कथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. चित्रच नाही, तरी सहा पेनी देणाऱ्या गिऱ्हाइकाला काय घेतोय ते कळायचं.

आपल्याकडे रंगांचा असा नियम झाला नाही, चित्रकारांच्या हाताची ओळख मात्र झाली. मडगावचे दीनानाथ दलाल आणि त्यांच्याच पिढीतले रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्याने त्या काळातल्या पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना एक चेहराच दिला. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ काढला. नंतरचे पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर, वसंत सरवटे, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांतल्या प्रत्येकाचा हात वेगळा. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाला हातात घण घेतलेला चेहरा सरवट्यांनी दिला, आणि तो इतका चिकटला की दळवी स्वतः तसे दिसत नाहीत याचं लोकांना आश्चर्य वाटत असावं.

म्हणून तुम्हाला एक सुचवतो. बहुतेक मराठी पुस्तकांत आतल्या पानावर, आवृत्ती आणि मुद्रकाच्या आसपास, ‘मुखपृष्ठ :’ अशी एक ओळ असते. ती वाचायची सवय लावा. मागचा मजकूर न वाचण्याचा तुमचा नियम त्याने मोडत नाही. ज्या अनोळखी पुस्तकांनी तुम्हाला आनंद दिला त्यांचा चित्रकार एकच निघाला, तर पुढच्या वेळी त्याचं नाव शोधा. लेखक अनोळखी असेना का. चित्रकाराकडे हस्तलिखित वाचायला आलं होतं, की फोनवरून दोन वाक्यांचा निरोप, हे चित्रात लपत नाही. निरोपावरून काढलेल्या चित्रात नावातलीच वस्तू असते : नावात पाऊस असला की छत्री, वाट असली की वाट. हस्तलिखित वाचून काढलेल्या चित्रात नावाबाहेरचं काहीतरी आलेलं असतं, आणि ते तिथे का आहे हे पुस्तक वाचून झाल्यावर कळतं. अशी ‘का बरं हे?’ असं वाटायला लावणारी मुखपृष्ठं मी डोळे मिटून उचलतो. कोऱ्या जागेला न घाबरलेल्या मुखपृष्ठांनाही माझ्याकडे दोन मार्क जास्त.

अक्षरांचा आकारही बघा. लेखकाचं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं असेल तर प्रकाशक लेखक विकतो आहे, आणि तो लेखक बहुधा तुमच्या ‘अनोळखी’च्या अटीत बसत नाही. नाव मोठं आणि लेखक कोपऱ्यात बारीक, तर प्रकाशकाने नवख्या माणसावर पैसे लावलेत. का लावले असतील, हा प्रश्न पुस्तक घरी नेण्याइतका चांगला आहे.

आता वाचनालयाची म्हणून जी खास गोष्ट आहे, ती दुकानात मिळणारच नाही. दुकानातलं मुखपृष्ठ फक्त प्रकाशकाचं असतं. वाचनालयातल्या पुस्तकावर तुमच्या आधीच्या सगळ्या वाचकांनी आपापली भर घातलेली असते. पुस्तक मिटलेलंच ठेवा आणि पाठीच्या समोरची बाजू, म्हणजे पानांच्या कडा, उजेडात धरा. जिथपर्यंत माणसांचे अंगठे पोचले तिथपर्यंतच्या कडा मळकट दिसतात, पुढच्या पांढऱ्या राहतात. पहिला पाव इंच काळपट आणि उरलेलं पुस्तक कोरं करकरीत असेल, तर समजायचं की गावाने हे पुस्तक तिसऱ्या प्रकरणात सोडलं. कडा शेवटपर्यंत सारखी मळलेली असेल आणि पाठीचा वरचा काठ बोट घालून ओढून ओढून फाटला असेल, तर लेखकाचं नाव कुणीही असो, पुस्तक न्या. शेवटच्या पानावरचा तारखांचा कागदही बोलका असतो. शिक्के एकाच उन्हाळ्यात दाटीने आणि नंतर वर्षानुवर्षं काही नाही, म्हणजे त्या साली पुस्तकावर सिनेमा किंवा मालिका आली असणार. वर्षाला एखाद-दुसराच शिक्का, पण न चुकता, अशी पुस्तकं मला सगळ्यांत आवडतात. त्यांना गर्दी कधीच नसते, पण गिऱ्हाईक तुटतही नाही. हल्ली संगणकावर नोंद होते तिथे हा कागद लावत नाहीत, आणि एक चांगला खबऱ्या गेला.

काही वाचक पेन्सिलीनेही सेवा करतात. ‘फालतू’, ‘अवश्य वाचा’, ‘शेवट पटत नाही’. शेवटच्या पानावरचं गुपित पहिल्याच पानावर लिहून ठेवणारा एक महाभाग प्रत्येक वाचनालयात असतो. त्याच्यापासून सावध राहा. बाकीच्यांचे अभिप्राय वाचायला हरकत नाही.

तुमच्या खोडीला शास्त्राधारही आहे. मद्रास विद्यापीठात गणित सोडून ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा नियम असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाला पुस्तक मिळण्याची काळजी दुसऱ्या नियमात झालेली आहे. इथे काळजी आहे ती पुस्तकाची. यादीत नसलेलं, कुणी न सुचवलेलं पुस्तक वाचकापर्यंत पोचणार कसं? रंगनाथन यांचं उत्तर असं की कपाटं उघडी ठेवा, वाचकाला आत फिरू द्या, त्याला ते अचानक सापडू द्या. ग्रंथपालबाईंच्या यादीने दुसरा नियम पाळला जातो, तुमच्या शनिवारच्या भटकण्याने तिसरा. बाईंना हे सांगा. ग्रंथालयशास्त्र शिकताना पाच नियम त्यांनी पाठ केलेलेच असतील, त्यामुळे चहा मिळण्याची शक्यता आहे.

आणि चुकलं तर काय जातं? दुकानात चुकीचं पुस्तक घेतलं की तीनशे-चारशे रुपये जातात आणि ते पुस्तक घरात वर्षानुवर्षं आपल्याकडे बघत बसतं. वाचनालयात जातो एक आठवडा, तोही पूर्ण नाही. परीक्षणं वाचून, चार जणांना विचारून, पुरस्कारांची यादी बघून वाचायचं ते विकत घेताना. वर्गणी भरून तीच सावधगिरी बाळगणाऱ्यांना काय म्हणावं? गावोगावच्या वाचनालयांत ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाती’साठी नंबर लागलेला असतो, आणि शेजारच्या फळीवरची पुस्तकं नव्या वाचकाची वाट बघत जुनी होतात. दोन्ही पुस्तकं मोठीच आहेत, पण ती तुमच्या शेजारणीकडेही आहेत.

सराव करायचा तर तुमच्या जिल्ह्यातच उत्तम सोय आहे. पाचगणीजवळचं भिलार मे २०१७मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तेव्हा तिथल्या घरांमध्ये, लॉजमध्ये, देवळात मिळून पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं मांडली होती. कुणाच्या घरात कथा, कुणाकडे विनोद, कुणाकडे चरित्रं. विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आत जायचं आणि दिसेल ते उचलून ओसरीवर बसायचं. दुसरी तऱ्हा नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने २००९पासून विनायक रानडे पुस्तकांच्या पेट्या गटागटांमध्ये फिरवतात, आणि त्या आखातातल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचल्या आहेत. पेटीत आहेत तेवढ्यांतूनच घ्यायचं म्हटल्यावर माणूस आपोआप अनोळखी पुस्तकाला हात घालतो. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात ही पेट्यांची कल्पना शंभर वर्षांपूर्वीच राबवली गेली होती. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून घेतले आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवायला सुरुवात झाली. पेटी उघडल्यावर पहिलं पुस्तक कुणी कशावरून उचललं असेल? नावावरून आणि पुठ्ठ्यावरून, आणखी कशावरून?

प्रश्न : मुखपृष्ठाबद्दल बोलणं ठीक आहे, पण आमच्या वाचनालयात निम्म्या पुस्तकांना मुखपृष्ठच नाही. सगळी तपकिरी रेक्झिनमध्ये. बाइंडिंग करताना ते का फेकतात?
– एक सभासद, चिपळूण

उत्तर : हा प्रश्न मी स्वतःच विचारणार होतो. कारण असं की, हल्लीची पुस्तकं बहुतेक गोंदाने चिकटवलेली असतात. दहा-पंधरा हातांतून गेल्यावर पाठ तडकते आणि पानं सुटतात. मग पुस्तक बाइंडरकडे जातं. तो फाटकं कव्हर सोलून काढतो, कडेला भोकं पाडून टाके घालतो (त्यात आतला समास जातो, म्हणून जाड पुस्तकं नंतर धड उघडत नाहीत), दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि अस्तर लावतो, तिन्ही कडा कापून सरळ करतो आणि वर रेक्झिन चढवतो. चिकटवायला खळ, आणि किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद. पुस्तक आणखी वीस वर्षं टिकतं, पण कडांवरचा वाचकांचा मळ कापला जातो आणि चित्र रद्दीत जातं. पाठीवर मावेल तेवढंच नाव उरतं. ‘सात सक्कं’ इथेच संपलं तर निदान गणिताची चूक तरी झाकली जाते.

बाइंडरला दोष देऊ नका, त्याला पुस्तकामागे ठरलेले पैसे मिळतात आणि पोत्याने पुस्तकं येतात. त्याला सांगावं लागतं. कव्हर अगदीच चिंध्या झालं नसेल तर पुढची बाजू कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवता येते, वर पारदर्शक प्लास्टिक. तेही नको असेल तर ते पहिलं पान म्हणून आत शिवता येतं. काही वाचनालयं हे करतात, खर्च फारसा वाढत नाही. तुमच्या वाचनालयाची वार्षिक सभा जवळ आली असेल. तिला सभासद सहसा फिरकत नाहीत, तुम्ही जा आणि हा एवढाच विषय मांडा. आणि पुढचा गठ्ठा बाइंडिंगला जाण्याआधी ग्रंथपालांना विचारून कव्हरांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : नाव बघून आणलेलं पुस्तक आवडलं नाही तरी पूर्ण वाचावं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. पन्नास पानं वाचा, आणि परत करताना काउंटरवर न देता पुन्हा फळीवर मुखपृष्ठ बाहेर दिसेल असं ठेवता आलं तर ठेवा. आधी नोंद मात्र करून घ्या, नाहीतर दंड तुमच्या नावावर चढत राहील.